वाकनीस : आडनाव मुळात कुठलं, आणि आहेत तरी किती जण?

सईची आई

माझं सासरचं आडनाव वाकनीस. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण फोनवर एका दमात कुणी ते बरोबर लिहून घेतल्याचं आठवत नाही. गॅसवाला 'वाघनीस' लिहितो, कुरिअरवाला 'वाकणकर'. परवा लेकीच्या पासपोर्टसाठी कागद गोळा केले तेव्हा तर कहर झाला. आजेसासऱ्यांच्या सातबाऱ्यावर 'वाकनवीस', सासऱ्यांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वाकनीस', नवऱ्याच्या आधारवर 'वाकनिस'. इंग्रजीत एकीकडे डब्ल्यू, दुसरीकडे व्ही.

माझे प्रश्न दोन. शब्द कुठला? नणंदेचं म्हणणं, संस्कृत 'वाक्' म्हणजे वाणी, आपल्या घराण्यात कीर्तनकार होते म्हणून. आणि दुसरं, एका साइटवर आमच्या आडनावाची जगातली लोकसंख्या दिलीय, तीही पार एकं स्थानापर्यंत. ती खरी मानायची का?

तिरपागडं

वाकनीस जर वाणीवाले, तर पोतनीस पोत्यावर बसून कीर्तन करायचे का? (हलके घेणे.)

वाखाची दोरी

आमच्या गावाकडे घायपाताच्या धाग्याला वाख म्हणतात. बैलाचे कासरे त्याचेच वळायचे. 'वाखनीस'चं 'वाकनीस' झालं असेल का? वाखाचा हिशेब ठेवणारा?

मोडीवाला

दोरी, कल्पना झकास आहे, पण नाही. नणंदबाईंचंही नाही. यात अंदाज बांधायची गरजच नाही, कारण हा हुद्दा कागदोपत्री लख्ख सापडतो.

मागचा तुकडा आधी घेऊ. 'नवीस' हे फारसी. लिहिणारा. उर्दूत खुशनवीस म्हणजे सुंदर अक्षर काढणारा, अर्जनवीस म्हणजे अर्ज लिहून देणारा. मराठीच्या तोंडी त्यातला 'व' विरघळला आणि 'नवीस'चं 'नीस' झालं. तुमच्या आजेसासऱ्यांच्या सातबाऱ्यावर जे आहे ती चूक नव्हे, ते जुनं रूप आहे. नागपूरकडे हा 'व' अजून टिकून आहे. तिथे चिटणवीस, पुण्या-साताऱ्याकडे चिटणीस. नागपूरच्या महाल भागातल्या चिटणवीस वाड्याला कुणी चिटणीस वाडा म्हणत नाही.

पुढचा तुकडा अरबी 'वाकिआ', म्हणजे घडलेली गोष्ट, घटना. हिंदीत अजून 'वाकया' म्हणतात तोच. वाकिआनवीस म्हणजे घडलं ते लिहून ठेवणारा. वाकिआनवीस, वाकेनवीस, वाकनवीस, वाकनीस अशी ती उतरंड.

मुघल दरबारात हे मोठं खातं होतं. अबुल फझलने 'आईन-ए-अकबरी'त त्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिलंय. अकबराने असे १४ लेखनिक नेमले होते, रोज दोघांची पाळी. बादशहाने काय हुकूम दिले हे तर लिहायचंच, पण काय खाल्लं, काय प्यालं, कधी निजला, कधी उठला हेही. रोजनामा तपासून बादशहापुढे ठेवायचा, त्याची मंजुरी आली की हव्या त्या नोंदीची नक्कल काढून सही करून द्यायची. सह्या पुऱ्या झालेल्या अशा नक्कलेला 'याददाश्त' म्हणत. आपण कपाटावर चिकटवतो त्या यादीची ही बडी बहीण. पुढे सुभ्या-सुभ्यांतही वाकिआनवीस बसले आणि तिथली खबर दरबारात धाडू लागले.

आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या कारभारात वाकनीस आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी हुद्द्यांना संस्कृत नावं दिली गेली तेव्हा मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत आणि वाकनिसाचा मंत्री. दत्ताजीपंत वाकनीस म्हणतात ते हेच मंत्री. वाकनीस हा त्यांचा हुद्दा. कानुजाबत्यात, म्हणजे प्रधानांची कामं ठरवून देणाऱ्या कागदात, मंत्र्याच्या कामांत मंत्रविचार, राजकारण, आमंत्रण-निमंत्रण यांच्याबरोबर वाकनिशी चक्क नाव घेऊन दिलीय.

गंमत अशी की फारसी शब्द काढून संस्कृत आणायचे म्हणून राजव्यवहारकोश रचला गेला, पण आडनावांच्या बाबतीत फारसीच चिवट निघाली. मुजुमदार, डबीर, फडणीस आजही दारावरच्या पाट्यांवर आहेत.

बोरूबहाद्दर

मोडीवाले, मग 'वाकबगार' याच घरातला का? जो घडलेलं सगळं जाणतो तो वाकबगार?

मोडीवाला

कानाला तसं वाटतं खरं. पण वाकबगार आलाय 'वाकिफकार'वरून. वाकिफ म्हणजे माहीतगार, त्याच्या धातूत शेवटी 'फे' हे अरबी अक्षर आहे. वाकिआच्या शेवटी 'ऐन'. अरबीत शेवटचं अक्षर बदललं की कुळी बदलते. मराठीत 'फ'चा 'ब' झाला, 'ऐन' तर आपल्या घशातून निघतच नाही म्हणून गळून गेला, आणि दोन्हीकडे 'वाक' तेवढा उरल्याने हे जुळे वाटायला लागले.

वाकनीसचा खरा चुलतभाऊ हवा असेल तर तो 'मोका'. मौका, मोका. 'वाकई' म्हणजे खरोखर, तोही त्यातलाच.

सईची आई

थांबा हो, पचू दे! सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे आपण वार्ताहर." घरात सगळ्यांच्या खबरी कुणाकडे असतात ते मी इथे लिहीत नाही.

माहेरची पोतनीस

वरच्या पोत्यावाल्या विनोदाबद्दल निषेध नोंदवते. पोत म्हणजे खजिन्यातली रोकड. पोतनीस ती सांभाळणारा. पोतदारही तिथलाच.

पण माझा एक जुना प्रश्न आहे. चिटणीस आणि फडणीस यांत 'ण', आणि पोतनीस, वाकनीस, सबनीस, पारसनीस, जमेनीस, खासनीस, हशमनीस यांत 'न' का? शाळेत बाई माझं आडनाव 'पोतणीस' लिहायच्या आणि मी दर वेळी बाकावरून उठून सांगायची.

मोडीवाला

चिट आणि फड यांच्या शेवटी ट आणि ड आहेत. जीभ टाळ्याकडे वळलेलीच असते, ती 'न' म्हणायला परत खाली येत नाही, तिथल्या तिथे 'ण' म्हणून टाकते. पोत, वाक, खास, हशम यांत ती वळतच नाही.

तिरपागडं

आणि कोटनीस? कोटमध्ये ट आहे की नाही?

मोडीवाला

सापडलो. चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ साली गेलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 'ण'ने लिहिलेलेही दिसतात आणि 'न'नेही, त्यामुळे तुमचा मुद्दा अर्धाच लागू! पण गडनीस मात्र 'न'वर अडून आहेत, तो मान्य. माझं मत असं, की चिटणीस, फडणीस हे रोज शंभरदा तोंडात येणारे शब्द, ते झिजले. गडनीस क्वचित येणारा, त्यात गड आणि नीस वेगळे कळत राहिले. नियम म्हणून हे मी कुणाच्या गळ्यात मारणार नाही.

ऱ्हस्व-दीर्घाचं मात्र सोपं आहे. मोडीत तो भेद पाळतच नसत, त्यामुळे जुन्या कागदात 'निस' की 'नीस' हे भांडण नाही. आजच्या नियमाने आडनाव 'वाकनीस', पण 'वाकनिसांचा वाडा' आणि 'वाकनिशी'. प्रत्यय लागला की ऱ्हस्व. सईचे बाबा आधारवर अडकलेत ते तिथेच.

आकडेमोड

दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी बघेना म्हणून मी येतो. उमेदीची वर्षं आकड्यांच्या नोकरीत गेली, आता सवय सुटत नाही.

भारतात आडनावांची अधिकृत मोजदाद प्रसिद्ध होत नाही. जनगणनेचा माणूस दारात येऊन नाव लिहून घेतो, पण तक्ते निघतात ते वय, शिक्षण, भाषा, धंदा यांचे. आडनावाचा तक्ता नाही. आणि १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमाने ती मूळ पत्रकं कुणाला बघताही येत नाहीत. भाषेचं बघा. २०११ साली लोकांनी सांगितलेल्या मातृभाषांची नावं भरली १९,५६९, त्यांची चाळणी करून तक्ते झाले, आणि त्यातून आपल्याला कळतं की मराठी मातृभाषा सांगणारे ८,३०,२६,६८० होते. यातले वाकनीस किती, हे त्या तक्त्यांतून काढायला वाटच नाही.

मग साइटवाले आकडा कुठून आणतात? मतदार याद्या, फोनच्या याद्या असा जो ढीग हाती लागेल त्यात एखादं आडनाव किती वेळा आलं ते मोजायचं आणि एकूण लोकसंख्येच्या प्रमाणात गुणायचं. पाटील, जाधव, शिंदे यांच्यासाठी हे बऱ्यापैकी चालतं. ढीग मोठा, चूक मुरते. पण विरळ आडनावाचं तसं नाही. समजा हजारातल्या एका माणसाचा नमुना घेतला आणि त्यात तुमचं एकच कुटुंब आलं, चार जणांचं. लगेच तुम्ही चार हजार. ते कुटुंब त्या दिवशी नमुन्यात नसतं, तर तुम्ही शून्य. एकं स्थानापर्यंतचा आकडा दिसला की मी तर आधी खिसा चाचपतो.

त्यात स्पेलिंग. डब्ल्यू की व्ही, शेवटी आय की डबल ई, मध्ये 'नवीस' ठेवलं की नाही, एवढ्यानेच एका घरात आठ आडनावं होतात. हसू नका, हे मोठ्या प्रमाणावर घडलंय. २०११ च्या सामाजिक-आर्थिक आणि जात पाहणीत जातींची नावं निघाली ४६ लाखांवर. १९३१ च्या जनगणनेत जाती होत्या ४,१४७. ऐंशी वर्षांत लाखो जाती जन्मल्या नाहीत. कुणी आडनाव सांगितलं, कुणी गोत्र, कुणी कूळ, आणि लिहिणाऱ्याने जसं ऐकू आलं तसं लिहिलं.

सातासमुद्रापार

अमेरिकेत मात्र जनगणनेवाले आडनावं छापतात. २०१० च्या यादीत १,६२,२५३ आडनावं आहेत. पटेल २००० साली १,४५,०६६ होते, क्रमांक १७२. दहा वर्षांत २,२९,९७३ झाले आणि क्रमांक ९५. आमच्याकडच्या गुजराती मित्राने हे ऐकून पेढे वाटले होते.

आकडेमोड

बरोबर, पण त्या यादीत यायला देशभरात किमान १०० माणसं लागतात. त्याखालच्या सगळ्यांची एकच मोट बांधून 'इतर' म्हणून टाकतात. विरळ आडनावाला तिथेही न्याय नाही.

जुनं दप्तर

उशिरा आलो. फडणीस, चिटणीस, सबनीस गल्लोगल्ली आणि वाकनीस दुर्मीळ, हे का, यावर कुणी बोललं नाही. मला वाटतं उत्तर आकड्यात नाही, हुद्द्यात आहे.

मराठेशाहीत प्रत्येक मोठ्या खात्याला, सरदाराच्या फौजेला आठ दरकदार, म्हणजे नेमलेले हुद्देदार, असायचे : दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार, पोतनीस. ही आठ नावं मोठ्याने वाचा. आठही आज आडनावं आहेत. यात वाकनीस नाही. किल्ल्यांचं बघाल तर तिथे हवालदार, सरनोबत, सबनीस, कारखानीस. किल्ले शेकडो, त्यामुळे सबनीसही शेकडो. तिथेही वाकनीस नाही. वाकनिशी राहिली दरबाराशी, छत्रपतींच्या सावलीत. जागाच मोजक्या, तर आडनाव कुठून फोफावणार?

शिवाय हुद्द्याचं आडनाव व्हायला तो वंशपरंपरेने घरात टिकावा लागतो. नाना फडणवीसांचं मूळ आडनाव भानू, बाळाजी आवजी चिटणिसांचं चित्रे. दोघांच्याही मागे हुद्दा चिकटला आणि मूळ नाव मागे पडलं. कागदावर नाना सही करायचे ती 'बाळाजी जनार्दन' अशी, आडनाव नाहीच. दाखल्यावर, खातेवहीत आडनावाचा रकाना सक्तीचा झाला तो इंग्रजी अमलात. तेव्हा ज्याच्या घरी जो मान चालत होता तो त्याने रकान्यात लिहिला.

यातून आणखी एक निघतं. सगळे वाकनीस एकमेकांचे भाऊबंद असतीलच असं नाही. फडणीस देशस्थांत आहेत, कोकणस्थांत आहेत, चिटणीस सीकेपींत आहेत आणि इतरांतही. काम सारखं म्हणून आडनाव सारखं. तेव्हा साइटवरचा आकडा खरा निघाला, तरी ती एका कुळाची शिरगणती नव्हे. सईच्या आईंनी आकड्यापेक्षा कुलदैवत आणि मूळ गाव विचारून ठेवावं.

माहेरची पोतनीस

चिटणीस तेवढा अजून नोकरीत आहे. दर पक्षाला सरचिटणीस असतोच. बाकी सगळे निवृत्त.

सईची आई

सगळ्यांचे आभार. कुलदैवत विचारलं. सासूबाईंनी तुळजापूरची भवानी सांगितलं. मग त्यांनाच आठवलं की सासऱ्यांच्या बँकेत दुसरे एक वाकनीस होते, त्यांचं दैवत कोकणातलं होतं, आणि दोघांची पत्रं कायम एकमेकांच्या टेबलावर जायची. "नातं लागतं का म्हणून सगळे विचारायचे. लागत नव्हतं, पण दिवाळीचा फराळ द्यायचे."

पासपोर्टचा अर्ज आज भरला. डब्ल्यू, शेवटी आय. नवऱ्याचं आधार आधी दुरुस्त करा म्हणाले, त्यासाठी सोमवारी परत रांग. सातबारा मात्र आहे तसाच ठेवणार आहोत.