मदत हवी आहे : चंद्राला खळं पडलंय, उद्या अटल टनेलपलीकडे जावं का?

मनालीत आहोत. मी, बायको, आठवीतला मुलगा आणि सासूबाई (वय ७१). उद्या सकाळी ९ ला बोगद्यापलीकडच्या सिस्सू गावासाठी टॅक्सी ठरली आहे. हवामान खात्याच्या साइटवर कुल्लूला (मनालीचा जिल्हा) उद्या यलो इशारा दिसतोय. पुण्यात यलो म्हणजे छत्री घ्यायची की नाही एवढाच प्रश्न, इथे काय समजायचं? ड्रायव्हर म्हणतो, 'कुछ नहीं होगा सर, बर्फ देखने ही तो आए हो.'

दुपारी पिंजलेल्या कापसासारखे ढग होते, आता चंद्राभोवती खळं आहे. सासूबाई म्हणतात, खळं लांब तर पाऊस जवळ. चिरंजीव म्हणतात, सिरोस्ट्रेटस (उंचावरच्या ढगांचा पातळ पडदा). कोणाचं ऐकू?

प्रतिसाद १
दोघांचंही. हात ताठ करून पंजा फाका, अंगठा चंद्रावर ठेवा. खळं करंगळीच्या टोकाशी आलं तर ते साधारण २२ अंशांचं, म्हणजे वरच्या ढगांतल्या बर्फकणांचं. चंद्राला अगदी चिकटून छोटं वलय असेल तर ते पाण्याच्या थेंबांचं, त्याचं एवढं मनावर घेऊ नका.

पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी, इथे पाऊस-बर्फ आणणारी हवामान प्रणाली) येताना आधी सिरस (तुमचे पिंजलेल्या कापसासारखे ढग), मग सिरोस्ट्रेटस, मग आल्टोस्ट्रेटस (मधल्या उंचीवरचा करडा थर) असा क्रम बऱ्याचदा दिसतो. सकाळी सूर्य घासलेल्या काचेमागून दिसावा तसा दिसला आणि सावल्या पडेनाशा झाल्या, की निंबोस्ट्रेटस (पाऊस-बर्फ पाडणारा जाड ढग) आणि बर्फ फार लांब नाही. अर्थात नुसत्या खळ्यावर जाऊ नका, कधी कधी काहीच पडत नाही.

खरी गोम वेगळी आहे. तुम्ही फक्त कुल्लू पाहिलंत. बोगद्याचं दक्षिण तोंड कुल्लूत, पण उत्तर तोंड आणि सिस्सू लाहौल-स्पितीत. इशारा जिल्हावार असतो, दोन्ही बघा. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे लगेच हालचाल करा. हिमस्खलनाचा इशारा वेगळा असतो, डीआरडीओची चंडीगडची संस्था देते, तोही पाहा.

प्रतिसाद २
९ किलोमीटरच्या बोगद्यात बर्फ पडत नाही हो, पडतो तो बोगद्याआधीच्या सोलंग ते धुंदीच्या रस्त्यावर. ऊन गेलं की तिथे बर्फाचा काचेसारखा थर धरतो, दिसतही नाही, ब्रेक दाबला की गाडी आडवी. टॅक्सी फोर बाय फोर आहे का? बर्फात टायरला लावायच्या चेन आहेत का? ड्रायव्हरला विचारू नका, डिकी उघडून बघा.

धागाकर्ता
हातमोजा काढून मोजलं, करंगळीच्या जरा पलीकडेच. लाहौल-स्पिती उद्या दुपारपासून ऑरेंज! डिकीत स्टेपनी आणि बटाट्याचं पोतं निघालं, चेन नाहीत. सिस्सू रद्द, ॲडव्हान्सचे १,५०० गेले. उद्या खाली नग्गरला जाऊ. सासूबाई खूश, चिरंजीव फुगलेत.

आता पुढचं : परवा रात्रीची दिल्लीची व्होल्वो आहे. ती ठेवू की उद्या संध्याकाळीच निघू?