मॉडेलिंगच्या कोर्सला रिपोर्ट लिहायला कसं शिकवता? गणित येतं पण लिहिता येत नाही

फळा_डस्टर
नमस्कार मंडळी. या सेमिस्टरला दुसऱ्या वर्षाचा मॅथेमॅटिकल मॉडेलिंगचा कोर्स माझ्याकडे आलाय आणि त्यात लिखाणाला बरेच मार्क आहेत, म्हणजे शेवटी प्रत्येक गटाने रिपोर्ट द्यायचा. मुलांना डिफरन्शियल इक्वेशन सोडवता येतात, पायथनमध्ये कोडही बरा लिहितात, त्याची चिंता नाही. पण रिपोर्ट हातात घेतला की डोकं धरून बसायची वेळ येते. आधी अर्धं पान विषयाची थोरवी, मग एकदम समीकरण, ते कुठून आलं याचा पत्ता नाही, मग पाच ग्राफ एकाखाली एक, आणि शेवटी "यावरून आमचं मॉडेल बरोबर आहे हे सिद्ध होतं". झालं.

तर लिखाण वेगळं शिकवायचं का, शेवटचे दोन आठवडे फक्त त्यावर, की पहिल्यापासून सोबत? आणि सोबत म्हणजे नेमकं काय लिहून घेता? प्रस्तावना, पद्धत, निकाल, चर्चा हा साचा सांगून झालाय, मुलं तो इमानदारीत भरून देतात, आत काही नसतं.

शून्याने_भागू_नका
शेवटचे दोन आठवडे अजिबात नको. तोवर सगळे निर्णय घेऊन झालेले असतात आणि ते का घेतले हे मुलं विसरलेली असतात, मग रिपोर्टात "का" येणार कुठून.

मी कागदाच्या शंकूंपासून सुरू करते. एकाच मापाचे शंकू करायचे, टोक खाली धरून उंचावरून सोडायचे. एकात एक बसवले की आकार तोच राहतो आणि वजन दुप्पट, चौपट होतं. सोडायच्या आधी प्रत्येकाने कागदावर एक परिच्छेद लिहायचा: चार शंकू एकत्र सोडले तर खाली पडायचा स्थिर वेग किती पट होईल आणि असं का वाटतं. हवेचा विरोध वेगाच्या प्रमाणात धरला तर उत्तर चौपट येतं, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात धरला तर दुप्पट. दोन्ही गट वर्गात असतातच. मग मोजायचं. मोजणी दुप्पटीच्या आसपास येते आणि ज्यांनी चौपट लिहिलेलं असतं त्यांना आता खरंच काहीतरी लिहायचं असतं, कारण स्वतःचंच एक गृहीतक रद्द करायचंय. दुप्पटवाल्यांनाही मी सोडत नाही, सुरुवातीच्या तुकड्यात शंकूचा वेग वाढतच असतो मग तुम्ही पूर्ण उंची भागिले पूर्ण वेळ कसं काय केलं, याचं उत्तर त्यांनी लिहायचं.

हा परिच्छेद वर्गातच, हाताने. एआयकडून लिहून आणायचा प्रश्न तिथल्या तिथे मिटतो, निदान या भागापुरता तरी.

जुना_खोडरबर
वरच्यांशी सहमत, पण खरी गोची गृहीतकांच्या यादीत आहे. मुलं दहा गृहीतकं लिहितात, "लोकसंख्या स्थिर आहे", "तापमान बदलत नाही", आणि पुढच्या पानापासून त्यांचा उल्लेखही नाही. कारण आपणच मार्किंगमध्ये "गृहीतकं लिहिली का, २ मार्क" असं ठेवतो. मी यादी बंद केली. तीनच गृहीतकं लिहा, पण प्रत्येकापुढे हे लिहा की ते खोटं निघालं तर उत्तर वाढेल की घटेल आणि ढोबळमानाने किती. तिथे बसून विचार करावाच लागतो.

मर्यादांचं तसंच, "अजून डेटा मिळाला असता तर मॉडेल आणखी अचूक झालं असतं" हे वाक्य वाचून वाचून मला आता पाठ झालंय. त्यावर मी लॉजिस्टिक वक्राचं (आधी झपाट्याने वाढतो, मग हळू होत एका कमाल मर्यादेला टेकतो) उदाहरण देतो. पर्ल आणि रीड यांनी १९२० मध्ये अमेरिकेच्या जनगणनेच्या आकड्यांना तो वक्र बसवला, १७९० पासूनच्या आकड्यांना सुरेख बसला, आणि त्यातून लोकसंख्येची कमाल मर्यादा साधारण १९.७ कोटी निघाली. १९६७ मध्ये तिकडची लोकसंख्या २० कोटींच्या पुढे गेली. आता मुलांना सांगायचं, याच्या मर्यादांचा परिच्छेद तुम्ही १९२० साली बसून लिहा. "अजून डेटा" चालत नाही मग, कारण डेटा भरपूर होता. कमाल मर्यादा कायम तीच राहणार हे कशावरून धरलं, यावर यावं लागतं.

फळा_डस्टर
शंकू आणि पर्ल-रीड दोन्ही उचलले. पण निकालांच्या भागाचं काय करू? "मॉडेल डेटाशी चांगलं जुळतं" याच्या पुढे गाडी जात नाही. आणि वर्ग मोठा आहे, प्रत्येकाचे दोन दोन ड्राफ्ट तपासणं मला शक्य नाही, खरं सांगतो.

ग्राफवाली
"चांगलं जुळतं" मोडायचं तर जुळूनही फसतं असं काहीतरी द्या. १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एका निवासी शाळेत फ्लूची साथ आली होती, ७६३ मुलगे, रोज किती जण अंथरुणाला खिळलेत त्याची नोंद ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. आकडे थोडेच आहेत, दोन आठवड्यांचे. त्याला एसआयआर मॉडेल बसवायचं (करमॅक आणि मॅकेंड्रिक यांचं, १९२७ चं; लोकांचे तीन गट धरतं: लागण होण्याजोगे, संसर्ग पसरवणारे आणि बरे झालेले), वक्र इतका छान बसतो की मुलं खूश होऊन थेट निष्कर्ष लिहायला घेतात. त्यांना थांबवून एकच विचारायचं, तुमच्या मॉडेलनुसार साथ संपेपर्यंत एकूण किती जणांना लागण झाली? एक आजारी मुलगा सुरुवातीला साधारण साडेतीन ते चार जणांना लागण करतो असं फिटमधून येतं, आणि त्या हिशोबाने जवळजवळ सगळी शाळा, ९५ टक्क्यांच्या वर. नोंदीत आजारी पडलेले ५१२. म्हणजे ६७ टक्के.

मग वर्गात जी भांडणं होतात ती मला फार आवडतात. काही म्हणतात उरलेल्यांना लागण झाली पण ते आजारी पडलेच नाहीत. काही म्हणतात काही जणांना आधीपासून प्रतिकारशक्ती असेल, मग सुरुवातीला ७६३ च्या ७६३ लागण होण्याजोगे कसे धरले. एखादी हुशार पोरगी म्हणते की अंथरुणात असणं म्हणजे संसर्ग पसरवत असणं नव्हे, अंथरुणाला खिळलेला तर वेगळा ठेवला असेल, मग आपण मॉडेलमधली कुठली राशी कुठल्या आकड्याशी जुळवली? हा शेवटचा प्रश्न रिपोर्टात यायलाच हवा, आणि साच्यात त्याला जागा नसते म्हणून तो येत नाही.

वाक्यांबद्दल माझा एकच नियम. "चांगलं", "बरंच", "किंचित" दिसलं की त्याजागी आकडा आणि एकक, नाहीतर ते वाक्य काढा. ग्राफखालच्या ओळीत "आकृती ३: वेळ आणि रुग्ण" असं चालणार नाही, ग्राफमध्ये काय बघायचं ते लिहा. अजून एक, सुरुवातीला एका पानाचा सारांश घ्या, त्यात उत्तर आकड्यात हवं, "या रिपोर्टात आम्ही अभ्यास करणार आहोत" छाप नको. कोमॅप या अमेरिकन संस्थेच्या मॉडेलिंग स्पर्धेत १९८५ पासून तीन-तीन मुलांचे गट चार-एक दिवसांत अख्खा रिपोर्ट लिहितात आणि पहिलं पान सारांशाचंच असतं, परीक्षकही आधी तेच वाचतात.

शून्याने_भागू_नका
तपासणीबद्दल: पहिला ड्राफ्ट तुम्ही तपासूच नका. तो दुसऱ्या गटाला द्या, कोड न देता फक्त रिपोर्ट, आणि त्यातला एक ग्राफ जसाच्या तसा काढून दाखवायला सांगा. पॅरामीटरची किंमत लिहिलेली नसते, सुरुवातीची अट नसते, वेळ दिवसात की तासात ते नसतं, सगळं बाहेर येतं. आणि ते मित्राने सांगितलेलं असतं म्हणून लागतं जास्त. तुम्ही फक्त अंतिम प्रत बघायची आणि सोबत "दुसऱ्या गटाने काय विचारलं, आम्ही काय बदललं" असं अर्धं पान.

जुना_खोडरबर
हे उत्तम आहे, फक्त त्या दुसऱ्या गटालाही मार्क ठेवा. नाहीतर "छान आहे" लिहून मोकळे होतात.

फळा_डस्टर
ग्राफ पुन्हा काढायची कल्पना भारी आहे, हेच करतो. ग्राफवाली, तुमचं फ्लूच्या साथीचं उदाहरण मधल्या असाइनमेंटला घेतो, शंकू पहिल्या आठवड्यात. शंकूंचा वेळ कसा मोजता पण? स्टॉपवॉचने गडबड होणार ना?

शून्याने_भागू_नका
हो, स्टॉपवॉच नको, बटण दाबण्यातच ०.२ सेकंद जातो आणि अख्खं पडणं एक-दोन सेकंदांचं. मोबाईलवर व्हिडिओ काढा, मागे भिंतीवर मोजपट्टी चिकटवा आणि फ्रेम मोजा. सेकंदाला ३० फ्रेम असतात, म्हणजे चूक ०.०३ च्या आसपास. वरचा अर्धा मीटर सोडून मग मोजायला लागा. आणि मोजपट्टी भिंतीवर, शंकू भिंतीच्या पुढे, त्यामुळे कॅमेऱ्यातून अंतर चुकीचं दिसतं, हे मात्र आधी सांगू नका, कोण पकडतं बघा.