क्युबा १९६२ की आज: जास्त धोका कधी?

उत्तररंग
५ फेब्रुवारी २०२६ ला अमेरिका-रशियातला न्यू स्टार्ट करार संपला. प्रत्येकी १,५५० तैनात अण्वस्त्रांची मर्यादा त्यात होती. मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवरचा १९८७ चा करार तर २०१९ मध्येच मोडला. माझ्या मते आजची वेळ १९६२ च्या क्युबा पेचापेक्षा (सोव्हिएत संघाने क्युबात अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं नेली आणि अमेरिकेशी युद्ध पेटायची वेळ आली, तो पेच) वाईट आहे. तेव्हा दोन्ही देश घाबरले आणि वर्षभरात दोन्ही राजधान्यांमध्ये थेट संपर्काची हॉटलाइन आली, चाचणीबंदी करार झाला. आता कुणी घाबरलेलंच दिसत नाही.

सांजवारा
साफ असहमत. २७ ऑक्टोबर १९६२ हा एकच दिवस घ्या. क्युबावर अमेरिकेचं यू-२ हेरगिरी विमान पाडलं, वैमानिक मेजर अँडरसन ठार. त्याच दिवशी दुसरं यू-२ वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं. आणि समुद्राखाली सोव्हिएत बी-५९ पाणबुडी: बॅटरी उतरत आलेली, आत जीव घुसमटवणारा उकाडा, मॉस्कोशी संपर्क नाही, वरून अमेरिकी नौदल सरावाचे स्फोटक गोळे टाकतंय. खाली अण्वस्त्र टॉर्पेडो आहे याचा वरच्यांना पत्ताच नाही! कॅप्टन सावित्स्की तो सज्ज करायला निघाला होता, पाणबुडीवरच्याच आर्खिपोव्ह या अधिकाऱ्याने त्याला शांत केलं, असं तिथल्याच दुसऱ्या अधिकाऱ्याने पुढे सांगितलं. आज असं काय घडलंय? नोव्हेंबर २०२४ मध्ये रशियाने युक्रेनच्या द्निप्रो शहरावर ओरेश्निक हे अण्वस्त्र वाहू शकणारं क्षेपणास्त्र डागलं, तेही अमेरिकेला आधी कळवून.

उत्तररंग
कळवलं, कारण कळवायची केंद्रं १९८७ मध्ये करार करून उभारली होती. असेच करार आज एकेक करून जातायत.

माळरान
तुम्ही दोघंही दोनच देशांचं बोलताय. १९६२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्यात मिटलं: क्युबातली क्षेपणास्त्रं बाहेर, तुर्कस्तानातली अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रं गुपचूप परत. आज चीनकडे ६०० च्या आसपास अण्वस्त्रं आहेत आणि त्याच्यावर संख्येची कुठलीच मर्यादा नाही. तिघांत असा सौदा कसा जमायचा?

सांजवारा
चीनचं मान्य. पण १९८६ च्या सुमारास जगात ७०,००० च्या घरात अण्वस्त्रं होती, आज १२,००० च्या. शिवाय ख्रुश्चेव्हचं २६ ऑक्टोबरचं पत्र वॉशिंग्टनच्या हाती पडून उलगडायला जवळजवळ १२ तास लागले. आज फोन आहे.

उत्तररंग
फोनवर अण्वस्त्रं मोजता येत नाहीत हो. न्यू स्टार्टमध्ये वर्षाला १८ प्रत्यक्ष तपासण्या ठरल्या होत्या. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे थांबल्या, त्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. १९६२ मध्ये क्युबात रणांगणी अण्वस्त्रं आधीच पोचली होती, हे तेव्हाचे अमेरिकी संरक्षणमंत्री मॅकनमारा यांना कळलं १९९२ मध्ये! तेव्हा सेनाधिकाऱ्यांचं ऐकून हल्ला केला असता तर?

सांजवारा
तपासण्या सुरू व्हायलाच हव्यात, त्यावर वाद नाही. पण २७ ऑक्टोबरपेक्षा आजचा दिवस वाईट, हे मला अजूनही पटत नाही.