मदत हवी आहे: विक्रीच्या फोनवाल्यांना गुंतवणारा बॉट चालेना

तळ्यातमळ्यात: नको ते विक्रीचे फोन दिवसभर. अ‍ॅस्टेरिस्कवर (संगणकावर फोन-एक्स्चेंज चालवणारं सॉफ्टवेअर) लेनीसारखा बॉट बसवला, अनोळखी नंबर त्याच्याकडे जातात. पण तीन-चार सेकंदांत समोरून कट, आणि संध्याकाळी परत तेच. सेटिंग बरोबर आहे. लवकर सांगा, वैतागलोय.

रानवारा: आयफोनमध्ये २०१९ पासून अनोळखी नंबर गप्प करायची सोय आहे. ती वापरा.

तळ्यातमळ्यात: अहो, लँडलाइन आहे!

खटका: मग तसं लिहायचं ना. लेनी म्हणजे काय?

सांजतारा: म्हाताऱ्याच्या आवाजातले १६ तुकडे. समोरचा थांबला की पुढचा वाजतो. त्याला कळत काहीच नाही, फक्त शांतता ओळखतो. धागाकर्ते, तुमचा पहिला तुकडा काय आहे?

तळ्यातमळ्यात: "नमस्कार, कोण बोलतंय? जरा मोठ्याने बोला, मला नीट ऐकू येत नाही हो." त्याचा काय संबंध?

सांजतारा: तिथंच घोडं अडलंय. फोन उचलला की आधी डायलर, म्हणजे त्यांचं आपोआप नंबर फिरवणारं यंत्र, ऐकतो. छोटं "हॅलो" आणि मग शांतता, म्हणजे माणूस. तो एजंटला जोडून देतो. सलग लांब बोलणं म्हणजे आन्सरिंग मशीन. मग कट, आणि नंबर बहुतेक वेळा पुन्हा फिरवायच्या यादीत. नुसतं "हॅलो" ठेवा, मग वेटफॉरनॉइज (आवाजाची वाट पाहणारी आज्ञा), एजंट बोलू लागला की वेटफॉरसायलेन्स (शांततेची वाट पाहणारी).

खटका: त्यापेक्षा झॅपाटेलर लावा. बंद नंबरचे तीन चढते सूर वाजले की नंबर यादीतून जातो.

सांजतारा: जाईलच असं नाही, ते डायलर चालवणाऱ्यावर आहे. आणि नवीन नंबरवरून करणाऱ्या नातेवाइकाला वाटेल तुमचा फोनच बंद झाला.

रानवारा: एजंटही पोटासाठी बसलेली पोरं असतात. त्यांना कशाला छळायचं?

तळ्यातमळ्यात: छळायची हौस नाही. आईच्या दवाखान्यातून फोन येतो तेव्हा लाइन एंगेज लागते. ते दर वेळी वेगळ्या नंबरवरून करतात.

सांजतारा: हे आधी सांगायला हवं होतं! बॉटने दहा मिनिटं गुंतवलं तर लाइनही दहा मिनिटं अडणार, आणि दवाखान्याचा फोनही बॉटच उचलणार. बॉट काढा. "बोलायचं असेल तर ५ दाबा" एवढंच ठेवा. आपोआप येणारे बहुतेक फोन तिथेच गळतात, दवाखान्यातला माणूस ५ दाबेल. काही दाबलं नाही तर आठ-दहा सेकंदांत हँगअप.

खटका: तरी सूर लावून बघाच.

तळ्यातमळ्यात: ५ दाबाचा डायलप्लॅन (फोन आला की काय करायचं त्या सूचना) द्या कुणीतरी, आजच बसवतो.

सांजतारा: देते. अ‍ॅस्टेरिस्क कुठल्या आवृत्तीचं आहे?