आमच्या डीएमला भेट काय द्यावी? (बजेट १५००, बेळगाव)

टिळकवाडीकर
नमस्कार मंडळी. आम्ही पाच जण दर रविवारी डन्जन्स अँड ड्रॅगन्स (एकेक पात्र घेऊन, फासे टाकून गोष्ट पुढे नेण्याचा खेळ) खेळतो. खेळवणारा, म्हणजे डन्जन मास्टर किंवा डीएम, आमचा दादा. दिवाळीआधी कॅम्पेन, म्हणजे बैठकीमागून बैठक चाललेली लांब गोष्ट, संपतंय. त्याने उभं केलेलं जग आपल्या इकडचंच आहे: राजहंसगडासारखा एकटा गड, खानापूरच्या पुढचं जंगल, घाटातला पाऊस. आमच्यातले दोघे घरी कन्नड बोलतात, तर नाक्यावरचा पहारेकरी त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलतो आणि आमच्याशी मराठीत. फासा वाईट पडला की दादा नुसतं "हुकलं" म्हणत नाही. "कुलूप उघडलं, पण आत कुणीतरी जागं झालं" असं काहीतरी हातात देतो. त्याचं बघून मीही आता गोष्टी रचायला लागलोय. सगळ्यांचे मिळून १५०० रुपये आहेत. काय द्यावं?

फासेवाली
धातूचे फासे. दुसरं काही बघूच नका. सात फाशांचा पूर्ण संच, चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंत. माझा २८०० ला पडला, पण हातात घेतला की पैसे वसूल.

निपाणीकर
धातूचे अजिबात नको. मी ऑनलाइन मागवले, तर मुलामा निघायला लागला आणि विकणाऱ्याने फोन उचलणंच बंद केलं. घरच्या जुन्या टेबलावर खळगे पडले ते वेगळेच. घ्यायचेच तर खाली फेल्ट लावलेला ट्रे पण घ्या.

जुना_गडी
पुस्तक द्या. २०२४ चं नवं डन्जन मास्टर्स गाइड. त्यात ग्रेहॉक आहे, म्हणजे हा खेळ काढणाऱ्या खुद्द गॅरी गायगॅक्सचं जग, नकाशासकट. १५०० मध्ये बसणार नाही, थोडे वाढवा.

खानापूरचा_वाटाड्या
ते २०१४ च्या नियमांनी खेळत असतील तर नवं पुस्तक कशाला? आणि दरवेळी गायगॅक्सच का? या खेळाच्या १९७४ च्या पहिल्या खोक्यावर गायगॅक्स आणि अर्नेसन अशी दोन नावं होती. एकाने जग चालवायचं आणि बाकीच्यांनी एकेक पात्र, ही रीत डेव्ह अर्नेसनच्या ब्लॅकमूर या खेळातून आली. त्याला ती वाट डेव्हिड वेसलीच्या खेळात सापडली होती. डीएमचे आभार मानायचे तर आधी अर्नेसनचे माना.

जुना_गडी
अर्नेसनला मी कुठे नाकारलं? पण ते नियम लिहून छापून जगभर पोचवले कुणी? तुमचं-आमचं टेबल त्यामुळेच आहे.

शहापूर_पेठ
एवढा विचार कशाला? कुंदा न्या की अर्धा किलो, वर शाल.

निपाणीकर
बेळगावच्या माणसाला कुंदा? कुंदा पुण्याच्या पाहुण्याला देतात.

शहापूर_पेठ
आमच्या घरात सणाला कुंदाच येतो. चांगला भाजलेला, काळपट, मिळाला तर कुणीही नको म्हणत नाही.

पडद्यामागची
मी स्वतः डीएम आहे, म्हणून थोडं सविस्तर. फाशांचे संच मला मिळालेत, कपाटात आहेत. डीएमला मिळत नाही ती गोष्ट म्हणजे खेळायला. तुमच्यातल्या एकाने एका बैठकीत संपणारी गोष्ट, म्हणजे वन-शॉट, तयार करा आणि दादाच्या हातात पात्र द्या. दुसरं, "खूप छान चालवतोस" यातून त्याला काही कळत नाही. पहारेकरी तुमच्यातल्या दोघांशी कन्नडमध्ये बोलला तेव्हा तुम्हाला काय वाटलं, ते नेमकं सांगा. पुढची तयारी कशाची करायची ते त्यालाही उमगतं. आणि वस्तूच हवी तर मराठी स्क्रीन करा, म्हणजे डीएम समोर उभा करतो तो पडदा. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम, एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले आहेत. श्रेय लिहून मराठीत करायला अडचण नाही. जाड पुठ्ठ्याची चार पानं जोडायची, आतल्या बाजूला बेशुद्ध, आंधळा, घाबरलेला अशा अवस्थांचे नियम, बाहेरून त्याचा गड.

फासेवाली
वन-शॉट छान, पण तो खेळेल कशाने? धातूचे फासे.

जुना_गडी
४ मार्चला द्या. त्या दिवशी गेम मास्टर दिन असतो. गायगॅक्स गेले तेही २००८ च्या ४ मार्चलाच. दिन त्याआधीपासूनचा आहे.

खानापूरचा_वाटाड्या
दिवाळीआधी संपतंय असं त्यांनी वर लिहिलंय.

टिळकवाडीकर
सगळ्यांचे आभार. शेवटी आम्ही खुर्ची घेतली. त्या खोलीत खुर्च्या पाच आणि आम्ही पाच, म्हणून दादा चार-चार तास लाकडी स्टुलावर बसून अख्खं जग चालवायचा. पाठीला आधार असलेली, हातांची खुर्ची २२०० ला मिळाली, वरचे आम्ही घातले. वन-शॉटचं त्याला विचारलं, पण तो नको म्हणाला. नव्या कॅम्पेनचा नकाशा सुरू झालाय, यावेळी समुद्र आहे. पहारेकऱ्याचं मात्र प्रत्येकाने त्याला सांगितलं. पडद्यामागची, मराठी स्क्रीनच्या अवस्थांची यादी तुमच्याकडे तयार असेल तर इथे टाका, आम्हालाही लागेल.

पडद्यामागची
आहे. रात्री टाकते.

फासेवाली
खुर्ची चांगलीच. वाढदिवस कधी असतो त्याचा?

निपाणीकर
ट्रे विसरू नका.