मदत हवी आहे: आइसलँडजवळच्या खोल समुद्रातले अँफिपॉड, एक जाती की दोन?

नमस्कार मंडळी. मी जर्मनीत एम.एस्सी.चा प्रबंध करतेय. विषय आहे ग्रीनलंड-आइसलँड-फेरो या समुद्राखालच्या डोंगररांगेच्या दोन्ही बाजूंचे रॅकोट्रॉपिस वंशातले (जीनस) अँफिपॉड. कोळंबीचे लांबचे भाऊबंद म्हणा, पण अंग दोन्ही बाजूंनी चपटं आणि पाठीवर बारीक दात.

रांगेच्या उत्तरेला खोल पाणी शून्य अंशाच्याही खाली असतं, दक्षिणेला काही अंश जास्त. दोन्हीकडचे माझे नमुने भिंगाखाली अगदी सारखे दिसतात, पण सीओआय या, जाती ओळखायला वापरल्या जाणाऱ्या जनुकाप्रमाणे त्यांचे दोन स्पष्ट गट पडतात. १८२२ मध्ये वर्णन झालेल्या युरिथेनिस ग्रिलस या दुसऱ्या अँफिपॉडचंही असंच झालं होतं. एकच समजलेल्या नावाखाली अनेक जाती निघाल्या. म्हणून घाई करायची नाहीये.

अडचण अशी की तळावरून ओढलेल्या जाळ्यात यांचे पाय आणि शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) तुटतात. काल अख्खी दुपार एका नमुन्याचा जबडा सोडवण्यात गेली. सुई जरा सरकली आणि पॅल्प (जबड्याला जोडलेला बारीक सांधेदार अवयव) ग्लिसरीनमध्ये हरवला. फार वाईट वाटलं, कारण त्या ठिकाणचे तीनच नमुने आहेत. जुने नमुने फॉर्मॅलिनमधले, त्यातून वापरण्याजोगा डीएनए सहसा निघत नाही.

पाय नसतील तर कशावर भर द्यावा? तिसऱ्या एपिमेरल प्लेटची (पोटाच्या खंडाच्या बाजूची पट्टी) मागची कड आणि पाठीचे दात भरवशाचे आहेत का, की वयानुसार बदलतात? तीन नमुन्यांवर नवी जाती मांडणं योग्य ठरेल का? गोव्यात किंवा कोचीत अँफिपॉडचं विच्छेदन करणारं कोणी असेल तर कृपया हातचं राखून न ठेवता सांगा. चित्रं पाठवते.