नववी-दहावीच्या मुलांना शाळेत दुपारचे जेवण द्यायचे आहे: नियमात बसणारा मार्ग हवा आहे

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो आणि शालेय पोषण आहाराच्या नोंदीही माझ्याकडेच आहेत. आमच्याकडे पाचवी ते दहावीचे वर्ग एकाच आवारात भरतात. मधल्या सुट्टीत आठवीपर्यंतची मुले ताटे घेऊन पंगतीत बसतात आणि नववी-दहावीच्या मुली त्यांना वाढू लागतात. त्या मुलींना मात्र त्यातले काही देता येत नाही, कारण तांदूळ व धान्यादी माल आठवीपर्यंतच्या हजेरीवरच मिळतो आणि वरच्या वर्गांना वाढलेले ताट कोणत्याच रकान्यात बसत नाही.

दिवाळीनंतर पालक ऊसतोडीला गेले की लहान भावंडे बरोबर जातात; मोठी मुले दहावीचे वर्ष बुडू नये म्हणून आजीकडे राहतात. त्यांतली बरीच सकाळी चहा आणि बटर खाऊन येतात आणि थेट संध्याकाळीच जेवतात. त्यात आठवड्याची लोहाची निळी गोळी असते. ती जेवणानंतर घ्यायची असते, पण डबाच नसल्यामुळे मुली ती उपाशीपोटी घेतात, मग मळमळते, आणि पुढच्या आठवड्यात गोळी तोंडाऐवजी ओढणीच्या गाठीत जाते. गोळी बारावीपर्यंत आणि जेवण आठवीपर्यंत, ही विसंगती मला तरी समर्थनीय वाटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता, आणि मुलग्यांमधील प्रमाणही ३१ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणून हा विषय केवळ मुलींपुरता ठेवू नये, असे माझे मत आहे.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यातील हक्क आठवीपर्यंत किंवा ६ ते १४ वयापर्यंतच आहे, हे मला ठाऊक आहे. तथापि तमिळनाडू आणि कर्नाटक ही राज्ये स्वतःच्या खर्चाने दहावीपर्यंत जेवण देतात, म्हणजे कायदा हात बांधत नाही. प्रश्न पैशाचा आणि मंजुरीचा आहे.

आमच्या नववी-दहावीचा पट नव्वदच्या घरात आहे. सहावी ते आठवीचेच प्रमाण, म्हणजे माणशी १५० ग्रॅम तांदूळ, धरले तर रोज साडेतेरा किलो आणि २०० दिवसांचे २७ क्विंटल होतात. तांदळाची सोय गावातून होईल असे दिसते. डाळ, तेल, भाजीपाला आणि इंधन यांचा खर्च मात्र दरमहा उभा करावा लागेल, आणि तो एखाद्या दात्याच्या उत्साहावर सोडणे धोक्याचे आहे.

जाणकारांकडून मला प्रामुख्याने हे समजून घ्यायचे आहे की योजनेच्या स्वयंपाकगृहात, योजनेच्याच भांड्यांत, परंतु स्वतंत्र शिधा आणि स्वतंत्र नोंदवही ठेवून वरच्या वर्गांसाठी स्वयंपाक करण्यास परवानगी मिळते का, आणि ती गटशिक्षणाधिकारी देतात की प्रस्ताव जिल्हा परिषदेकडे पाठवावा लागतो. वाढदिवस वा पुण्यतिथीनिमित्त ग्रामस्थांनी जेवण देण्याची तिथी भोजनाची पद्धत आम्ही पाहिली आहे, परंतु ती अधूनमधून गोडाधोडापुरती ठीक असून रोजच्या वरणभाताला पुरणारी नाही. ग्रामपंचायतीच्या निधीतून असा आवर्ती खर्च कोणी लेखापरीक्षणात आक्षेप न येता केला आहे का? स्वयंपाकी ताईंची संख्या पटावरून ठरते आणि हे नव्वद जण त्या पटात नाहीत, तेव्हा त्यांच्या वाढीव कामाचे मानधन कोणी द्यावे, हेही ठरवायचे आहे. त्यांनी ते फुकट करावे अशी माझी अपेक्षा नाही.

कोणत्याही जिल्ह्यातील शाळेने हे प्रत्यक्षात केले असल्यास ठरावाचा मसुदा, नोंदवहीचा नमुना किंवा शासन निर्णयाचा क्रमांक कृपया येथे द्यावा. जूनमध्ये शाळा उघडताच शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आहे आणि त्याआधी प्रस्ताव लिहून मुख्याध्यापकांकडे द्यायचा आहे.